मीटिंग संपेपर्यंत

आमच्या प्रेस शॉपमध्ये कुणी बोलत नाही, आणि तरी दिवसभर गप्पा चालू असतात. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. पत्र्यावर प्रेस पडतो तेव्हा तो आवाज कानात जातच नाही, दातांत जातो. कानात इअर प्लग घालावेच लागतात, आणि ते घातले की समोरच्यानं कितीही घसा फोडला तरी उपयोग शून्य. म्हणून तिथं कुणी ओरडतच नाही. ओठ सावकाश आणि नीट हलवायचे, जोडीला भुवया आणि हात. चहा आला, डाय बदलायची आहे, साहेब येतोय, काल मॅच कोण जिंकलं, सगळं बिनआवाजी.

मी सांगली जिल्ह्यातला. चाकणला काही वर्षं काढून इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात क्वालिटीला आलो, तेव्हा तमिळचा एक शब्द येत नव्हता. ती भाषा मी आधी ओठांवर वाचायला शिकलो, कानांनी नंतर. शिकवली एका वयस्कर प्रेस ऑपरेटरनं. तो मला ‘बॉम्बे’ म्हणायचा. सांगली आणि मुंबई यांच्यात किती गावं आहेत हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला खुणेनं सांगितलं, मिशी कमी कर, तुझं बोलणं ऐकू येत नाही. घरी बायको वर्षभर हेच सांगत होती, तिचं ऐकलं नव्हतं. याचं मुकाट ऐकलं.

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढं जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरात झालं नसतं. महामारी सगळ्यांकडे आली. घरोघरी मातीच्या चुली. पण आमच्या चुलीवर जे शिजलं त्याची फोडणी मी कारखान्यातून आणली होती.

आम्ही राहतो पेरुंगुडीत, सातव्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. बायको सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, ऑफिस खिडकीतून दिसेल इतकं जवळ. मुलगी तेव्हा पहिलीत जायच्या बेतात होती. समोरच्या दारात एक मामी राहतात, तंजावरकडच्या मराठी घरातल्या. अड्यारला कुठल्याशा ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या. मुलगा परदेशात, घरात एकट्या. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणी बखरीतलं पान तमिळ चालीवर वाचतंय असं वाटलं. पण आमच्या पोरीला तेच मराठी आवडायचं. संध्याकाळी ती मामींकडे जायची आणि परत येऊन आम्हाला सांगायची, “मज भूक नाहीं, मीं तेथें जेवलें.” बायको हसून हसून लोळायची. पोरगी तेव्हा फार बोलायची, दाराबाहेर लिफ्टपाशी उभी असली तरी आत ऐकू यायचं. मी तिला ‘भोंगा’ म्हणायचो.

मग सगळं बंद झालं. कारखाना बंद, शाळा बंद, मामींचंही दार बंद. बायकोचं ऑफिस तेवढं बंद झालं नाही, ते आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसलं. घरात इंटरनेट धड चालतं ते हॉलमध्येच, त्यामुळे शाळा ऑनलाइन सुरू झाल्यावर पोरीचं बुटकं टेबलही हॉलमध्येच, चपलांच्या कपाटाशेजारी मांडावं लागलं. एका टोकाला आईची मीटिंग, दुसऱ्या टोकाला लेकीचा वर्ग. पोरीनं तोंड उघडलं की आईच्या मीटिंगमधला कुणीतरी म्हणायचा, कुणाच्या तरी मागं मूल आहे, प्लीज म्यूट. बायकोच्या टीममधली दोन माणसं त्याच महिन्यात कमी केलेली होती. ती घाईनं म्यूटचं बटण दाबायची आणि पोरीकडे बघून ओठांवर बोट ठेवायची.

मी घरी रिकामा. माझ्याकडे एक विद्या होती ती मी पोरीला दिली. म्हटलं, आपण प्रेस शॉप खेळू. हा हॉल म्हणजे कारखाना, आईचा लॅपटॉप म्हणजे प्रेस. प्रेस चालू असताना आवाज काढायचा नाही, ओठांनी बोलायचं. ती पटकन शिकली. मोठ्या माणसांना जे जमायला वर्ष लागतं ते तिला आठवड्यात आलं. ओठ असे स्वच्छ हलवायची की मराठी काय आणि इंग्रजी काय, मला सगळं कळायचं. नियमही तिनंच ठरवला. आईनं हेडफोन काढून “मीटिंग संपली” म्हटलं की भोंगा चालू, तोवर ओठ. बायको तर माझ्यावर खूश झाली. लग्नानंतर इतकी खूश ती क्वचितच झाली असेल.

वर्गातही काही अडलं नाही, कारण तिथं टीचर सगळ्यांना म्यूटवरच ठेवायच्या. चाळीस पोरं एकदम बोलली असती तर टीचरनी शाळा सोडली असती. एकेकाला विचारायच्या तेव्हा आमची लेक पाटीवर उत्तर लिहून कॅमेऱ्यासमोर धरायची. तशी चिठ्ठी आम्ही टीचरना पाठवली होती, घरात ऑफिसचं काम चालतं म्हणून. टीचर अंगठा दाखवायच्या, व्हेरी गुड म्हणायच्या. नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलवर सगळे म्हणायचे, किती शहाणी झाली पोर, आवाज नाही की दंगा नाही. फक्त माझी आई सांगलीहून म्हणाली, “फार गप्प गप्प वाटतीय रं. बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात.” मी म्हटलं, आई, रेंज नाही तुझ्याकडे.

काही आठवड्यांनी कारखाना परत सुरू झाला. कंपनीची बस, एका सीटवर एक माणूस, गेटवर कपाळाला ताप मोजायची बंदूक. घरी आलो की मी आंघोळ करून सरळ मागच्या बेडरूममध्ये. ताट वेगळं, पाण्याची बाटली वेगळी. त्या खोलीची गॅलरी हॉलच्या गॅलरीला लागून आहे, मध्ये काच. मी माझ्या बाजूला ताट घेऊन बसायचो, पोरगी तिच्या बाजूला. काचेतून आवाज येत नाही, आम्हाला त्याची गरजही नव्हती. आज काय शिकवलं, कुणाचा दात पडला, आई कुणावर चिडली, सगळं ती मला ओठांनी सांगायची. शेजारच्या टॉवरमधले लोक आपापल्या गॅलरीत फोन कानाला लावून फेऱ्या मारत असायचे. त्या दिवसांत मी कुणाशी खरं बोलत असेन तर त्या काचेपलीकडच्या पोरीशी. तेव्हा मला वाटायचं, आपल्याइतकं बोलणारे बापलेक दुसरे नसतील.

दुसरी लाट आली तेव्हा तो प्रेस ऑपरेटर गेला. तापाची रजा टाकून गेला आणि परत आलाच नाही. शिफ्टच्या ग्रुपवर बातमी आली. खाली जोडलेले हात, जोडलेले हात, जोडलेले हात. मीही जोडले. त्याच्या खालीच सुपरवायझरचा मेसेज होता, उद्या दुसऱ्या लाइनला कोण उभा राहणार. मी बसमध्ये होतो. फोन खिशात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसलो. काही वाटलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटायला हवं होतं, मी वाट बघत होतो की आता वाटेल, घरी गेल्यावर वाटेल, जेवताना वाटेल. वरण-भात खाल्ला, बेताचं मीठ होतं. काचेपलीकडून लेकीनं विचारलं, काय झालं? मी ओठांनी म्हटलं, काही नाही. खरंच काही नव्हतं. इअर प्लग घातल्यावर प्रेस पडताना दिसतो तेवढा, तसं सगळं दिसत होतं.

कारखाना परत सुरू झाला तेव्हाच तिथंही मास्क आले होते आणि आमची जुनी भाषा बसली होती. ओठच झाकले तर वाचणार काय? मग लोक हळूहळू कापडावरून अंदाज बांधायला लागले. मास्क कुठं आत ओढला जातो, कुठं फुगतो, कुठं थांबतो. नेमके शब्द कळायचे नाहीत, पण समोरचा बोलतोय की नुसताच उभा आहे, एवढं कळायचं. लोकांनी मास्क आल्यावर बोलणंच कमी केलं. शिफ्ट शांतपणे संपायची, म्हणजे त्या धडधडाटात जितकी शांतपणे संपेल तितकी.

जरा मोकळीक झाल्यावर मामींनी दार उघडलं. दोन्ही दारांना लोखंडी जाळ्या आहेत. मामी आपल्या जाळीमागं खुर्ची टाकून बसायच्या, आमची लेक आमच्या जाळीमागं. मी कामावरून येताना लिफ्टमधून बाहेर पडलो की हे दृश्य दिसायचं. एक दिवस मामींनी मला थांबवलं.

“कान गेले माझे,” म्हणाल्या. “पापा येवढी बोलते, मज काहींच ऐकूं येत नाहीं.”

तमिळमध्ये लहान मुलीला लाडानं पापा म्हणतात. मी म्हटलं, मामी, वय झालं, दाखवून घ्या. त्या अड्यारला जाऊन कान तपासून आल्या, मुलानं परदेशातून पैसे पाठवले, त्यांनी यंत्र बसवून घेतलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाळीमागून हाक आली.

“यंत्र बरवें अहे. कुकराची शिटी ऐकूं येते, लिफ्ट ऐकूं येते, वरच्या घरांतलें भांडण सुद्धां ऐकूं येतें. पापाच ऐकूं येत नाहीं. तिला आवाजच नाहीं की हो.”

“मामी, आत मीटिंग चालू असते ना, म्हणून.”

“दिवसभर कसली मीटिंग, अय्यो?” मामी म्हणाल्या. “संपत नाहीं का ती कधीं?”

रात्री बायकोला सांगितलं, तर ती हसली आणि म्हणाली, उगाच बिचाऱ्यांचा खर्च झाला. मीही हसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मामींनी घातला असं आम्ही समजत होतो. वळसा कोण घालत होतं हे नंतर कळलं.

मामी म्हणाल्या ते मात्र खरं होतं. मीटिंग संपत नव्हती. अमेरिकेतली माणसं उठायची तेव्हा इथं संध्याकाळ व्हायची, त्यामुळे संध्याकाळच्याही मीटिंगा. “मीटिंग संपली” हे वाक्य आधी दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं, मग जेवणाआधी एकदा, मग नुसतं रविवारी. रविवारी लेक बोलायची. पण मोठ्यानं नाही, कुजबुजून, एकेक शब्द, आणि मध्येच आईकडे बघून थांबायची. पुढं रविवारचं ते वाक्यही बंद पडलं. आम्हाला वाटलं, मोठी होतेय, मुली शांत होतात. आणि मला तर ती सारखी बोलतच दिसायची. ओठ हलताना दिसले की माझ्या डोक्यात आवाज उमटतो, कारखान्यानं लावलेली सवय. इतर कुणा बापाला तिचं गप्प राहणं महिन्याभरात खटकलं असतं. मला ती कधी गप्प वाटलीच नाही.

खालचं खेळायचं अंगण उघडलं. मी तिला घेऊन गेलो. ती झोपाळ्याजवळ उभी राहिली. सायकलवरच्या एका मुलीनं तिला काहीतरी विचारलं, पुन्हा विचारलं आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाली, “अंकल, ती ऊमैया?”

ऊमै म्हणजे मुकी. हा शब्द मला येत होता, प्रेस शॉपमध्ये आम्ही एकमेकांना गमतीनं म्हणायचो.

“नाही गं,” मी म्हटलं. “बोलते ती.”

“मग बोलत का नाही?”

मी लेकीला घेऊन वर आलो. लिफ्टमध्ये तिनं मास्क खाली ओढून मला ओठांनी सांगितलं, तिनं नाव विचारलं, मी सांगितलं, तरी परत परत विचारते. मी म्हटलं, जाऊ दे. मला राग यायला हवा होता. मी तापट माणूस आहे, बायकोला विचारा, एका ब्रॅकेटला चरा दिसला तर मी अख्खी लाइन थांबवतो. त्या दिवशी राग आला नाही. पोरीचा हात धरून लिफ्टमधले आकडे बघत राहिलो.

शाळा उघडली तेव्हा ती तिसरीच्या उंबरठ्यावर होती. नवे बूट, कारण जुने घालायच्या आधीच आखूड झाले होते. काही आठवड्यांत शाळेनं सगळ्यांचं वाचन तपासलं. एकेका मुलाला टीचरजवळ उभं करायचं, पुस्तकातलं पान वाचून घ्यायचं. दोन वर्षं घरी राहिलेल्या पोरांना किती येतं ते बघायला. आमच्या लेकीच्या नावापुढं काहीच नाही. एक वाक्य नाही, एक शब्द नाही. तोंडी पाढे नाहीत. वर्गात प्रश्न विचारला की उभी राहते, डोळे मोठे करते आणि उभीच राहते. शाळेनं आम्हाला बोलावलं.

बायकोच्या प्रोजेक्टची त्या दिवशी डिलिव्हरी होती, तिला निघता येईना. म्हणाली, मी व्हिडिओवर येते, तू फोन टेबलावर ठेव. मी रजा टाकून गेलो. वर्गात टीचर, शेजारी को-ऑर्डिनेटर मॅडम, समोर लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीत मी, पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला फोन आणि फोनमध्ये हेडफोन लावलेली बायको. लेक माझ्या आणि टीचरच्या मधोमध उभी. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, फोनमधली सोडून.

को-ऑर्डिनेटर मॅडम चांगल्या होत्या. आवाज चढवला नाही, उलट फार हळू बोलल्या, आजारी माणसाच्या उशाशी बोलतात तशा. म्हणाल्या, यात तुमचा दोष नाही, अशा पुष्कळ केसेस आहेत. ऑनलाइनमध्ये पाटीवरची उत्तरं बऱ्याच घरी आईवडीलच लिहून द्यायचे, आम्ही समजून घेतो. पण आता मुलीला वाचताच येत नसेल तर पुढं ढकलून तिचं नुकसान होईल. तिला पुन्हा पहिलीत बसवू. आणि एका तज्ज्ञांकडे दाखवून घ्या, तिला समजतं का नाही तेही बघायला हवं.

“पाटीवर तीच लिहायची,” मी म्हटलं.

“सगळे पालक हेच म्हणतात, सर.”

फोनमध्ये बायकोचे ओठ हलले. ती म्यूटवर होती, तिच्या लक्षात नव्हतं. मला वाचता आलं. ती म्हणत होती, आम्ही कधीच नाही लिहिलं, कधीच नाही. मग तिनं मान वळवून दुसऱ्या स्क्रीनकडे पाहिलं, कुणीतरी तिला तिकडे बोलवत होतं.

पुन्हा पहिलीत. आपल्याहून लहान मुलांत, पाय न मावणाऱ्या बाकावर. हे वाक्य मला कळलं, पण लागलं नाही. माझ्यात काहीतरी बसलं होतं, काय ते सांगता येणार नाही, दोन वर्षं ते तसंच बसून होतं. मी मान डोलावली. हो म्हणून मोकळं व्हावं आणि घर गाठावं, खरं सांगतो, एवढंच डोक्यात होतं. कुठं सही करू असं मी विचारणार होतो.

टीचर म्हणाल्या, “मॅडम, वडिलांसमोर एकदा वाचून घेऊ का?” त्यांनी पुस्तक उघडून लेकीपुढं धरलं. मला बाहेरच्या बाजूचं चित्र दिसत होतं, आतलं काही नाही.

लेकीनं पुस्तकाकडे पाहिलं. आणि तिच्या मास्कचं कापड आत गेलं.

मग बाहेर आलं. पुन्हा आत. भराभर थोडं हललं आणि थांबलं. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे गेले, परत डावीकडे आले आणि कापड पुन्हा हलायला लागलं. ओळ संपली की थांबत होतं, वाक्य संपलं की जास्त थांबत होतं. टीचर वाट बघत होत्या. को-ऑर्डिनेटर मॅडम घड्याळ बघत होत्या. त्यांच्या दृष्टीनं समोर एक गप्प मुलगी उभी होती. मी दोन वर्षं मास्कवाल्या माणसांत काढलेली. माझ्या दृष्टीनं ती घडाघडा वाचत होती.

मी उठलो. ती बुटकी खुर्ची माझ्याबरोबर थोडी उचलली गेली आणि पडली.

“तिला मास्क काढायला सांगा,” मी म्हटलं.

“सर, नियम आहे–”

“मॅडम, मिनिटभर. मी लांब उभा राहतो.”

मी फळ्यापाशी जाऊन उभा राहिलो, जिथून पुस्तकाची पाठच दिसेल. टीचरनी मॅडमकडे पाहिलं, मग स्वतःच लेकीच्या कानामागची दोरी सोडवली. लेकीनं पान पुन्हा पहिल्या ओळीपासून धरलं. ओठ हलायला लागले, तेच, काचेपलीकडचे, स्वच्छ. आणि मी मोठ्यानं बोलायला लागलो. तिचे ओठ म्हणत होते ते, जसं दिसेल तसं, माझ्या सांगलीच्या इंग्रजीत. एक शेळी होती. ती रोज नदीवर जायची. एक दिवस नदीवरचा पूल मोडला. एका शब्दाला मी अडलो, ओठांवर दोन शब्द सारखेच दिसतात, तर लेकीनं थांबून तो पुन्हा सावकाश म्हणून दाखवला. टीचर पुस्तकात बोट ठेवून माझ्या मागं मागं येत होत्या. त्यांनी पान उलटलं. आम्ही पुढं वाचलं. दुसऱ्या पानाच्या अर्ध्यावर टीचरचं बोट थांबलं आणि त्यांनी पुस्तक खाली केलं. त्यांचे डोळे भरले होते. माझे नाही.

“सगळं बरोबर आहे,” त्या मॅडमना म्हणाल्या. “ती रोज वाचत होती. रोज माझ्यासमोर उभी राहून वाचत होती.”

मॅडमनी चष्मा काढला. वाकून, तमिळमधल्या लाडाच्या हाकेनं लेकीला विचारलं, “मग मोठ्यानं का नाही वाचत, कण्णा?”

लेकीनं मॅडमकडे पाहिलं नाही. तिनं टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. फोनमध्ये हेडफोन लावलेली आई होती, कपाळाला आठ्या घालून दुसरीकडे बघणारी. मग लेक माझ्याकडे वळली आणि तिनं ओठांनी विचारलं,

“मीटिंग संपली?”

त्या पोरीला वाचता येत होतं, पाढे येत होते, नाव विचारलं तर नाव सांगता येत होतं. दोन वर्षं ती फक्त नियम पाळत होती. आम्ही सांगू म्हणून वाट बघत होती, वर्गात, अंगणात, मामींच्या जाळीपुढं, आणि आम्ही सांगायचं विसरलो होतो. माझ्या छातीत काहीतरी दुखलं. किती दिवसांनी दुखलं कुणास ठाऊक, मला तो ऑपरेटरही त्याच क्षणी आठवला, मिशी कमी कर म्हणणारा. मी टेबलापाशी गेलो आणि बायकोचा कॉल बंद केला.

“संपली,” मी म्हटलं.

लेक तशीच बघत राहिली. टीचर आणि मॅडमही माझ्याकडेच बघत होत्या, मी काही बोलेन म्हणून. मग लक्षात आलं, माझेही नुसते ओठच हलले होते, तेही मास्कच्या आत.

मी मास्क खाली ओढला. घसा खाकरला.

“संपली, बाळा. मीटिंग संपली.”

फोन थरथरायला लागला, बायको परत लावत होती. लेकीनं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“नक्की?” तिनं विचारलं. आवाज बारीक होता, खरखरीत होता, पण होता.

मी हो म्हटलं. फोन वाजत होता, तो मी उचलला नाही.